नथनेलचा शेरा आणि आपली मुले



संत योहानलिखित शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक छोटासा प्रसंग आहे. फिलिप नथनेलला गाठतो आणि मोठ्या आनंदाने सांगतो की, मोशेने आणि संदेष्ट्यांनी ज्याच्याविषयी लिहून ठेवले आहे तो आम्हांला सापडला. तो नाझरेथचा येशू. यावर नथनेल काय करतो? ज्याला त्याने पाहिलेले नाही, ज्याच्याशी तो एक शब्दही बोललेला नाही, त्याच्या गावावरून तो शेरा मारतो. नाझरेथसारख्या गावातून काही चांगले निघणार आहे थोडेच, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. आज आपली मुले ज्याला 'कमेंट' म्हणतात, तीच ही. सहज केलेली, दोनचार शब्दांची आणि एका अख्ख्या गावाला कमी लेखणारी.

विशेष म्हणजे ही कमेंट कोणी पुसली नाही. शुभवर्तमानकाराने ती लिहून ठेवली. परंपरेनुसार नथनेल म्हणजेच प्रेषित संत बर्थलमय. त्यांच्या सणाला, दर वर्षी २४ ऑगस्टला, हेच वाचन जगभरच्या वेदींवरून वाचले जाते. जवळजवळ दोन हजार वर्षे झाली, नथनेलने मारलेला तो शेरा तसाच आहे. आणि तरीही नथनेल प्रेषित आहे, संत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे आज आपण समजून घेऊ या. कारण आपल्या मुलांच्या वाट्याला आज नेमका हाच प्रश्न आला आहे.

प्रवेश अर्जापलीकडचे वाचन

आपल्याकडे महाविद्यालयात प्रवेश म्हणजे बारावीचे गुण, सीईटी किंवा नीटचा निकाल आणि कट-ऑफची यादी. यादीत नाव लागले की काम झाले. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांची रीत वेगळी आहे. तेथे गुणांबरोबरच मुलाने स्वतःविषयी लिहिलेला निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे, शाळेबाहेर केलेली कामे हे सारे वाचले जाते. आम्हांला नुसते गुण नकोत, माणूस कसा आहे हे पाहायचे आहे, असे ही महाविद्यालये सांगतात. माणूसच पाहायचा म्हटल्यावर कधीतरी कोणीतरी त्याचे फेसबुकचे पान उघडणारच.

प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणारी कॅपलान ही अमेरिकन कंपनी प्रवेश अधिकाऱ्यांची वेळोवेळी पाहणी करीत आली आहे. २००८ साली दहा अधिकाऱ्यांपैकी साधारण एकाने, आपण अर्जदाराचे असे पान पाहिले आहे, असे सांगितले होते. २०१५ साली हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेले. पुढच्या वर्षांत ते कधी उतरले, कधी चढले. म्हणजे सगळेच पाहतात असे नाही, आणि प्रत्येकाचे पाहतात असेही नाही. पण कोणाचे पाहिले जाईल हे अर्जदाराला ठाऊक नसते.

मेन राज्यात बोडन नावाचे एक नामांकित महाविद्यालय आहे. तेथे प्रवेश इच्छिणाऱ्यांसाठी माहितीची सभा भरली होती. सभेला आलेल्या एका मुलीने तेथे बसल्या बसल्या आपल्याबरोबरच्या इतर मुलांची टिंगल करणारे शेरे ट्विटरवर टाकले. महाविद्यालयाच्या ते नजरेस आले. २०१३ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही हकीकत छापली. त्या मुलीला प्रवेश मिळाला नाही, तो गुणांच्या कारणाने. पण तिचे गुण चांगले असते तरी हे शेरे तिच्या आड येऊ शकले असते, असे प्रवेश विभागाच्या प्रमुखांनी सांगितले. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या ज्या मुलांबरोबर पुढे चार वर्षे शिकायचे, त्यांच्याविषयीच ते लिहिलेले होते. नथनेलचा शेरा असाच होता. ज्याच्या मागे पुढे आयुष्यभर चालायचे होते, त्याच्याच गावाला त्याने नाव ठेवले.

टोळक्यातले धाडस

२०१७ साली हार्वर्ड विद्यापीठाची गोष्ट सगळीकडे गाजली. प्रवेश निश्चित झालेल्या काही मुलांनी फेसबुकवर आपला एक खाजगी गट काढला होता. त्यात एकमेकांना चित्रविनोद, म्हणजे 'मीम' पाठवणे चालले होते. काही विनोद लैंगिक अत्याचारावर होते, काही ज्यूंच्या संहारावर, काही लहान मुलांच्या मृत्यूवर. विद्यापीठाला हे कळले. त्याने त्या मुलांकडून लेखी खुलासा मागवला आणि किमान दहा जणांचा प्रवेश रद्द केला. तेथील विद्यार्थ्यांच्या 'हार्वर्ड क्रिम्सन' या वृत्तपत्राने जून महिन्यात ही बातमी दिली. प्रामाणिकपणा, परिपक्वता आणि नैतिक चारित्र्य यांविषयी शंका यावी असे वर्तन दिसल्यास प्रवेश मागे घेता येईल, अशी अट विद्यापीठाने आधीच घातलेली होती.

ही मुले दुष्ट होती काय? ती हुशार होती, मेहनती होती. त्यांच्या शिक्षकांनी त्यांच्याविषयी चांगलीच पत्रे लिहिली असतील. मग हे कसे घडले? याचे उत्तर संत अगस्तीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. आपल्या आत्मनिवेदनाच्या ग्रंथात ते सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीविषयी लिहितात. रात्री मित्रांच्या टोळक्याबरोबर जाऊन त्यांनी शेजारच्या झाडाची नासपती पाडली आणि बहुतेक सारी डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती, फळे विशेष चांगलीही नव्हती. मग चोरी का केली? अगस्तीन स्वतःला पुन्हा पुन्हा हाच प्रश्न विचारतात आणि शेवटी म्हणतात की, एकटा असतो तर मी हे केलेच नसते. सोबत्यांचे हसू, त्यांच्यापुढे मागे पडण्याची लाज, यांनी ते पाप घडवले.

मोबाईलमधला गट म्हणजे हेच टोळके. एकाने घाण टाकली की दुसऱ्याने त्याहून घाण टाकायची, आणि जो गप्प राहील तो भित्रा ठरायचा. फरक इतकाच की अगस्तीनची नासपती डुकरांनी खाऊन संपवली. मोबाईलवर टाकलेले संपत नाही. कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट घेतलेला असतो. अंधारात बोललेले उजेडात ऐकू येईल आणि बंद खोलीत कुजबुजलेले छपरांवरून पुकारले जाईल, असे प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानात बजावले आहे. ते आज अगदी शब्दशः घडताना आपण पाहतो.

क्षमा मागितली, मग पुढे काय?

दोन वर्षांनी, २०१९ साली, त्याच विद्यापीठाने आणखी एका मुलाचा प्रवेश रद्द केला. फ्लोरिडातील पार्कलँडच्या शाळेत फेब्रुवारी २०१८मध्ये झालेल्या भीषण गोळीबारातून तो वाचलेला होता. त्या आधी, सोळा वर्षांचा असताना, त्याने मित्रांशी चाललेल्या लिखाणात कृष्णवर्णीयांविषयी अत्यंत हीन शब्द वापरले होते. ते लिखाण बाहेर आले. त्याने जाहीर क्षमा मागितली. आपण आता तो मुलगा राहिलो नाही, असे सांगितले. विद्यापीठाने त्याचे म्हणणे ऐकून घेतले, पण निर्णय बदलला नाही.

यावर अमेरिकेत मोठा वाद झाला, आणि त्यात दोन्ही बाजूंना खरे काही होते. एक बाजू म्हणाली, सोळाव्या वर्षीच्या शब्दांसाठी मुलाला जन्मभर धरून ठेवायचे काय? दुसरी बाजू म्हणाली, ज्यांना त्या शब्दांनी खाली पाडले त्यांनाही त्याच वर्गात, त्याच वसतिगृहात राहायचे आहे, त्यांचे काय?

आपण ख्रिस्ती माणसांनी या दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत. जो शब्द आपल्याला 'गंमत' वाटतो तो कोणाच्या तरी अंगावर पडलेला असतो. चाबकाचा वळ कातडीवर उठतो, पण जिभेचा घाव हाडे मोडतो, अशा अर्थाची शिकवण बेन सिराच्या ग्रंथात आहे. ज्या आईने आपले मूल पुरले आहे तिच्यापुढे मुलांच्या मृत्यूवरचा विनोद वाचून दाखवा, मग कळेल तो विनोद आहे की काय आहे ते. म्हणून क्षमा म्हणजे 'जाऊ द्या, लहान आहे' असे म्हणून विषय मिटवणे नव्हे. जक्कयने प्रभूला घरी घेतले तेव्हा तो नुसता रडला नाही. ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत करण्याची भाषा त्याने केली.

महाविद्यालय हे पापनिवेदनाचे आसन नाही. त्याला नियम असतात, सगळ्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असते. त्याने दार बंद केले तर ते अन्यायच असेल असे नाही. पण महाविद्यालयाचा निर्णय हा देवाचा निर्णय नव्हे, हेही आपल्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे. ते कोण सांगणार? ते ख्रिस्तसभेनेच सांगायचे आहे. तरुणपणीची पापे आठवू नकोस, अशी विनवणी पंचविसाव्या स्तोत्रात केलेली आहे. ती विनवणी ऐकणारा देव आपला आहे. प्रायश्चित्त संस्कारात सांगितलेले पाप धर्मगुरूच्या ओठांवर पुन्हा कधीही येत नाही. त्या गुप्ततेची मोहर कोणत्याही कारणाने मोडता येत नाही. तेथे स्क्रीनशॉट नाही. जगात असे एक तरी ठिकाण आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे का?

आपल्या दारापर्यंत आलेला प्रश्न

हे सारे अमेरिकेचे आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणू नये. आपल्या वसईच्या पट्ट्यातूनही मुले-मुली शिकायला परदेशी जातात. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडियाच्या खात्यांची नावे २०१९पासून विचारली जातात. जून २०२५मध्ये त्या सरकारने आणखी एक पाऊल टाकले. विद्यार्थी म्हणून येणाऱ्यांनी आपली खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवावीत, असे सांगण्यात आले. खात्यांची माहिती दडवली तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो आणि पुढेही तो मिळणे अवघड होऊ शकते, असे भारतातील अमेरिकन दूतावासाने त्याच महिन्यात जाहीर केले.

सरकारने मुलांचे खाजगी बोलणे असे किती वाचावे, हा वाद घालण्यासारखा विषय आहे. कॅलिफोर्निया राज्याने तर २०१२ सालीच कायदा करून, महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडे किंवा अर्जदारांकडे त्यांचा पासवर्ड मागू नये, असे ठरवले. माणसाला खाजगी जागा असली पाहिजे, हे योग्यच आहे. पण आपल्या घरात मात्र प्रश्न वेगळाच उभा राहतो. अर्जाची वेळ आली की आईवडील मुलाला सांगतात, "सगळे डिलीट कर आणि मोकळा हो." एखादा दलाल सुचवतो, "ते एक खाते लिहूच नका."

बंधू-भगिनींनो, येथे आपण थांबले पाहिजे. खाते असून नाही म्हणणे हे खोटे आहे, आणि खोट्याने सुरू झालेले शिक्षण मुलाला काय शिकवणार? पुसण्यासारखे असेल ते जरूर पुसावे. घाण काढून टाकण्यात काही गैर नाही. पण प्याला आणि थाळी बाहेरून घासणाऱ्या परुश्यांना प्रभू येशूने काय सांगितले ते आठवा. आधी आतली बाजू स्वच्छ करा, असे तो म्हणाला. अधिकारी पाहणार म्हणून पुसले, तर मूल इतकेच शिकते की सापडायचे नाही. कोणाचे मन दुखावले म्हणून पुसले, तर ते मूल माणूस होते.

म्हणून पालकांना एक सुचवावेसे वाटते. मुलाचा मोबाईल हिसकावून घेऊन पोलिसासारखी झडती घेऊ नका. एका संध्याकाळी रोझरीनंतर त्याच्याजवळ बसा आणि त्यालाच त्याचे जुने लिखाण वाचू द्या. ज्याच्याविषयी लिहिले तो शेजारी बसला असता तर हे लिहिले असते का, एवढेच विचारा. जे लिहायला नको होते असे त्यालाच वाटेल, ते पुसण्यापूर्वी त्या व्यक्तीला फोन करायला सांगा. "मी असे लिहिले होते, माझे चुकले," हे वाक्य उच्चारायला धैर्य लागते. पण एकदा उच्चारले की, त्या मुलाला कोणत्याही प्रवेश समितीसमोर मान वर करून बसता येते. तिने होकार दिला तरी, आणि नकार दिला तरी.

आपणही एक प्रवेश समितीच

आता थोडे वडीलधाऱ्यांविषयी. परदेशातील महाविद्यालय मुलांचे फेसबुक पाहते याचे आपल्याला आश्चर्य वाटते. पण लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलीचे जुने फोटो कोण शोधते? एखाद्या तरुणाचा मूर्खपणाचा व्हिडिओ गावच्या व्हॉट्सअॅप गटांत घरोघर कोण पोचवते? तेथे तर खुलासा मागवण्याचीही पद्धत नाही. निकाल आधी, चौकशी कधीच नाही.

पुष्कळदा असे म्हटले जाते की, "ते खरेच आहे ना? मग पाठवले तर काय बिघडले?" १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने आठव्या आज्ञेखाली या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. दुसऱ्यावर खोटे आळ घेणे हे तर पाप आहेच. पण योग्य कारण नसताना त्याचा खरा दोषसुद्धा, ज्यांना तो ठाऊक नव्हता त्यांच्यापुढे उघडा करणे हेही पाप आहे. आणि पुरेशा आधाराविना मनातल्या मनात कोणाला दोषी ठरवणे हेही पापच. म्हणजे 'फॉरवर्ड'चे ते बटण दाबण्यापूर्वी, हे खरे आहे का एवढेच विचारून भागत नाही. हे मी सांगण्याची गरज आहे का, असेही विचारावे लागते. एखाद्याला धोका असेल, एखादी मुलगी छळली जात असेल, तर सांगितलेच पाहिजे. जेथे सांगायला हवे तेथे, आणि स्वतःच्या नावानिशी. बाकी सारे नुसते दगड गोळा करणे आहे.

योहानच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात असे दगड हातात घेतलेली माणसे आपल्याला भेटतात. तेथे प्रभू येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहितो. प्रभूने काही लिहिल्याचा चारही शुभवर्तमानांत हा एकच उल्लेख आहे. काय लिहिले ते कोणालाच माहीत नाही, कारण ते धुळीत लिहिले होते. पहिल्या वाऱ्याबरोबर ते गेले असेल. त्या स्त्रीला त्याने दोषी ठरवले नाही आणि पुन्हा पाप न करण्याची ताकीदही दिली. दोन्ही एकाच श्वासात.

ये आणि पाहा

आता पुन्हा नथनेलकडे वळू. त्याच्या शेऱ्यावर फिलिप चिडला नाही, वाद घालत बसला नाही. स्वतः येऊन पाहा, एवढेच तो म्हणाला. आणि नथनेल उठला. त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट ही आहे. आपल्या शेऱ्याला चिकटून तो अंजिराच्या झाडाखाली बसून राहिला असता, तर त्या एका वाक्यापलीकडे त्याची ओळखच उरली नसती. पण तो चालत आला. आणि अंजिराखालचा नथनेल ज्याला न सांगता दिसला होता, त्या प्रभूने त्याला येताना पाहून काय म्हटले? ज्याच्या मनात कपट नाही असा खरा इस्राएली, असा त्याचा गौरव केला. प्रभूने त्याच्यात जे पाहिले ते त्या शेऱ्याहून मोठे होते.

संतपद जाहीर करण्यापूर्वी ख्रिस्तसभा त्या व्यक्तीने लिहिलेले सारे तपासून पाहते, ही जुनी रीत आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्याला संत म्हणून घोषित केले तो कार्लो अक्युटिस संगणकाच्या काळातला मुलगा. अवघ्या पंधराव्या वर्षी, २००६ साली तो वारला. पवित्र मिस्साबलीतील चमत्कारांची माहिती जगापुढे ठेवण्यासाठी त्याने संगणक वापरला. ज्या साधनावर आपली मुले तासन्‌तास बसतात, त्याच साधनावर एक मुलगा संत झाला. तेव्हा साधनाला दोष देण्यापेक्षा, त्यावर काय लिहायचे हे मुलांना घरात शिकवू या.

आपल्या धर्मग्रामात अशी किती मुले असतील, ज्यांच्या हातून काही वेडेवाकडे लिहिले गेले आहे आणि जी आता मिस्साला येताना मागच्या दारात उभी राहतात, कारण सगळ्यांना सगळे माहीत आहे. त्यांना बोलवायला फिलिप लागतो. या आठवड्यात अशा एका तरी मुलाजवळ आपण जाऊ या. त्याच्या जुन्या शेऱ्याविषयी बोलू नका. "रविवारी आमच्याबरोबर बाकावर बसायला ये," एवढेच म्हणा.

प्रार्थना करू या: हे प्रभो, अंजिराच्या झाडाखाली बसलेल्या नथनेलला तू पाहिलेस, तसे आमच्या मुलांनाही तू पाहतोस. त्यांच्या बोटांना दुसऱ्याची अब्रू राखण्याचे वळण लाव. ज्यांचे शब्द आज त्यांच्या वाटेत आडवे आले आहेत, त्यांना उठून तुझ्याकडे चालत येण्याचे बळ दे. ज्यांची मने त्या शब्दांनी दुखावली, त्यांना सांत्वन दे. आणि आम्हां सर्वांच्या हातांतील दगड गळून पडू देत, म्हणजे एकमेकांना बोलवायला आमचे हात मोकळे राहतील. आमेन.